एका पानावरचे अनेक मोजणीदार

विम्याचा हप्ता भरण्यासाठीं एखादा गृहस्थ कंपनीचें संकेतस्थळ उघडतो. त्याला दिसतें तें कंपनीचें नांव, हप्त्याची रक्कम आणि पैसे भरण्याचें बटण. परंतु त्या पानाच्या पोटांत, त्याच्या दृष्टीस न पडणारे, अनेक लहान प्रोग्रॅम त्याच क्षणीं कामास लागलेले असतात. तो कोणत्या जाहिरातीवरून आला, कोणतीं पानें त्यानें पाहिलीं, कोणतें बटण दाबलें, हें टिपून ते दूरच्या संगणकाकडे धाडतात. यांनाच टॅग म्हणतात.

टॅग लावण्यांत मुळांत कांहीं वावगें नाहीं. गिऱ्हाईक कोणत्या फळीपाशीं रेंगाळतें, हें दुकानदारहि पाहतोच. अडचण आहे ती बेवारशीपणाची. मोठ्या कंपनीचें संकेतस्थळ एक नसतें. मालाचें एक, भागधारकांचें दुसरें, नोकरभरतीचें तिसरें, आणि प्रत्येकाचा कंत्राटदार निराळा. जाहिरात खात्यानें एक टॅग चिकटविला, विक्री खात्यानें दुसरा. मोहीम संपली, लावणारा नोकरी सोडून गेला, टॅग मात्र राहिला. शिवाय भाषेचा घोळ. ग्राहकानें फॉर्म भरून पाठविला, कीं एक स्थळ त्याला 'चौकशी' म्हणतें, दुसरें 'संपर्क', तिसरें 'अर्ज'. आणि एखाद्या पानावर तोच टॅग दोनदां बसल्यामुळें एका माणसाचे दोन होतात. मग संचालकांनीं एकूण चौकशा किती असें विचारलें, म्हणजे जितकीं खातीं तितके आंकडे हजर!

२०१२ च्या ऑक्टोबरांत गूगलनें टॅग मॅनेजर नांवाचें साधन विनामूल्य दिलें. त्याची युक्ति सोपी आहे. प्रत्येक पानांत एकच तुकडा कायमचा बसवावयाचा, आणि त्याच्या मार्फत कोणते टॅग चालवावयाचे हें एका ठिकाणाहून ठरवावयाचें. त्याच वर्षीं अमेरिकन संघसरकारनेंहि आपल्या अनेक खात्यांच्या स्थळांसाठीं मोजणीचा एक सामायिक तुकडा देण्याची योजना सुरू केली. मार्च २०१५ पासून ते आंकडे जनतेस खुले झाले.

तथापि साधन आलें म्हणजे सुव्यवस्था आली, असें नाहीं. पूर्वीं टॅग लावण्यासाठीं प्रोग्रॅमरची मनधरणी करावी लागे. तो अडथळा एक प्रकारचा पहारेकरीच होता. आतां जाहिरात खात्यांतील उमेदवारहि तो थोडक्या वेळांत लावूं शकतो. खरें सुलभीकरण नांवांच्या कोष्टकांत आहे. एका घटनेस सर्व स्थळांनीं एकच नांव द्यावें, आणि तें पानानेंच 'डेटा लेयर'मध्यें जाहीर करावें. टॅगनें अंदाज बांधीत बसूं नये. १ जुलै २०२३ रोजीं जुन्या गूगल ॲनालिटिक्सनें सर्वसाधारण खात्यांची मोजणी थांबविली, तेव्हां तें वापरणाऱ्यांना घर बदलणें भागच पडलें. ज्यांनीं जुनी अडगळ तशीच नव्या घरांत नेली, त्यांची संधि गेली.

हप्ता भरणाऱ्या गृहस्थाचें यांत काय जातें? २०१८ सालीं ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील एका प्रोग्रॅमांत चोरांनीं थोड्या ओळी घुसविल्या, आणि प्रवाशांच्या कार्डांची माहिती परस्पर बाहेर गेली. चार लाखांहून अधिक ग्राहकांना त्या हल्ल्याची झळ पोंचली. २०२० सालीं ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीं कंपनीस दोन कोटि पौंड दंड केला. तो प्रोग्रॅम मोजणीचा टॅग नव्हता, हें खरें. परंतु पानांत बसविलेला परका तुकडाहि सामान्यतः त्या पानावर टाइप केलेलें सर्व वाचूं शकतो. पैसे भरण्याच्या पानावर टॅग जितके कमी तितकें बरें.

सफाईला एक नोंदवही पुरते: टॅग कोणी मागितला, कशासाठीं, कधींपर्यंत. ज्याचें उत्तर मिळत नाहीं तो टॅग लगेच खोडूं नये. प्रथम महिनाभर थांबवून ठेवावा. तेवढ्या अवधींत कोणत्याच खात्यानें त्याची विचारपूस केली नाहीं, तर तो काढून टाकावा.