वीज आणि वार्ता : एकाच तारेतून



एखाद्या गच्चीवर, लोखंडी खांबाला बसविलेली लहानशी पांढरी पेटी आपण पाहिली असेल. दूरच्या मनोऱ्यावरून बिनतारी लहरींनी येणारे इंटरनेट ती झेलते. तिलाही रेडिओच म्हणतात; मात्र गाणी ऐकविणारा रेडिओ तो नव्हे. ह्या रेडिओला वीज कशी पोहोचवावी, एवढाच आजचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसा वाटला होता. आमच्या शाळेवर असा संच बसविला, तेव्हा २३० व्होल्टची वायर गच्चीवर नेली आणि ॲडॉप्टर प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला. जूनच्या पहिल्या पावसात डब्यात पाणी शिरले. खांबाला हात लावताच आमचे शिपाई झटका बसून मागे फेकले गेले. सुदैवानेच ते बचावले. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. ते काम माझ्या देखरेखीखाली झाले होते.

वास्तविक ती वायर वर नेण्याचे कारणच नव्हते. इंटरनेटची माहिती वाहून नेणाऱ्या इथरनेट केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. त्याच तारांतून कमी दाबाची वीजही पाठविता येते. जुन्या टेलिफोनची आठवण करा. घरची वीज गेली तरी तो चालत असे. कारण एक्सचेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीची वीज बोलण्याच्याच तारांतून येई. येथेही तत्त्व तेच. ‘इंजेक्टर’ नावाचा लहान डबा खाली कोरड्या खोलीत ठेवावयाचा. तोच केबलमध्ये वीज सोडतो.

ह्या पद्धतीचे प्रमाण २००३ साली ठरले. त्यानुसार उगमाशी १५.४ वॉट दिले, तर शंभर मीटर केबलच्या टोकाला १२.९५ वॉट तरी मिळतात. २००९ साली उगमाची मर्यादा ३० वॉट झाली. प्रमाणानुसार बनविलेला इंजेक्टर एकदम वीज सोडीत नाही. प्रथम तो दहा व्होल्टपर्यंतचाच दाब लावून पाहतो. पलीकडे सुमारे पंचवीस हजार ओहमचा, खुणेचा रोध आढळला, तरच पूर्ण दाब देतो. आधी विचारतो, मग देतो.

परंतु गच्चीवरचे पुष्कळसे स्वस्त रेडिओ ह्या प्रमाणाबाहेरची, २४ व्होल्टची पद्धत वापरतात. तिचा इंजेक्टर काही विचारीत नाही. अशा संचाला, तसाच न विचारणारा ४८ व्होल्टचा इंजेक्टर जोडला, तर संच जळू शकतो. दोन्हींचे प्लग हुबेहूब सारखे असतात. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्हींवरील आकडे वाचावेत.

अंतराचाही हिशेब आहे. बारा वॉटचा संच २४ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो, ४८ व्होल्टवर पाव. प्रवाह निम्मा झाला की तारांत वाया जाणारी वीज चौथाईवर येते. म्हणून केबल लांब असेल, तर ४८ व्होल्टचा संच बरा. केबलही शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची नको. बाहेरचे आवरण ऊन-पाऊस सोसणारे असावे, आणि भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून पडते.

मात्र कमी दाबाची वीज म्हणजे आकाशातील विजेपासून अभय नव्हे. खांबाला योग्य आर्थिंग हवे, आणि केबल इमारतीत शिरते तेथे विद्युत्-संरक्षक हवा. ही कामे जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावीत.

आता आमचा इंजेक्टर कार्यालयाच्या कपाटात आहे आणि गच्चीवर केवळ एक काळी केबल जाते. तरीही आमचे शिपाई खांबाला हात लावण्यापूर्वी क्षणभर थबकतात. ती भीती घालविणे मला अद्याप साधलेले नाही. आपल्या गच्चीवर तसा डबा असेल, तर पावसाळ्यापूर्वी तो खाली आणवा, एवढीच विनंती.