शब्दकोड्यातला चाकर

शब्दकोड्यात 'नोकर, तीन अक्षरी' असा संकेत दिसला की सोडवणारा 'चाकर' लिहून मोकळा होतो. पण 'सेवक'ही तीन अक्षरी; फरास, हुजऱ्या, पाणक्या हेही तीनच अक्षरी. असा संकेत मला आळशी वाटतो आणि त्यात भाषेचे नुकसान आहे. फरास बैठका अंथरायचा, हुजऱ्या धन्यापुढे हजर असायचा, पाणक्या पाणी भरायचा. तिघांना 'नोकर' म्हटले की तिघांचेही काम पुसले जाते. 'बैठक अंथरणारा' म्हणा, उत्तर एकच उरते. हे जुने शब्द आज कोणाला ठाऊक, असे कोणी विचारील. अनोळखी शब्द उभ्या-आडव्या अक्षरांच्या आधाराने हाती लागावा, यासाठीच तर कोडे असते!

सुरतेत तर ही गंमत दुपटीने वाढते. लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत आणि तिथल्या मुलांच्या तोंडी मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा आहेत. 'खेळात भिडू, घरात चाकर, गुजराती शेजारणीकडे कपड्याची घडी': उत्तर 'गडी'. 'चहावर सरकारने बसवला, तो घरकामाला लागला': 'चा' अधिक 'कर', म्हणजे चाकर, आणि 'चा' तर गुजरातीही म्हणतात, खानदेशीही. अशाने मराठी बिघडेल ही भीती मला पटत नाही. गुजरातीतून जाते ती फक्त वाट. चौकटीत बसतो तो शब्द मराठीच असतो.

खरा कठीण आक्षेप वेगळा आहे. बटीक, कुणबीण हे दासीसाठीचे शब्द अपमानाचे आहेत, ते कोड्यात नकोतच, असे काहीजण म्हणतात. 'करमणुकीत माणसाची विटंबना नको' ही भावना योग्यच आहे. पण पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत होती, तिच्या नोंदी दप्तरांत आहेत. शब्द गाळला म्हणून ते घडलेले पुसले जात नाही. 'कुणबीण'साठी 'मोलकरीण' असा संकेत देणे मात्र खोटे आहे, कारण मोलकरणीला मोल मिळते, कुणबिणीचेच मोल होत असे. तेव्हा संकेत 'पेशवाईत विकली जाणारी स्त्री' असाच हवा. जुन्या शब्दांबरोबर नवेही हवेत: महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. 'घरेलू कामगार' हे नावही आता कोड्यात यायला हवे. कोडी रचणाऱ्यांना विनंती एवढीच, की संकेत लिहिताना त्या माणसाचे काम लिहा.