नाक्यावरची हजेरी



शाळेत आम्ही सातवीच्या पुढे गेलो नाही. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, मजुरांचे अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न धरता आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत.

सकाळी फिरून येताना आपणांपैकी पुष्कळांनी मजूर अड्डा पाहिला असेल. जालना-परभणीकडची, विजापूरकडची माणसे थापी आणि जेवणाचा डबा घेऊन उभी असतात. निम्म्यांना काम मिळते, उरलेली दहापर्यंत वाट पाहून परततात. आपली घरे ह्यांनीच बांधली. पण ह्या शहरातल्या एकाही वहीत त्यांचे नाव नाही.

कायदे नाहीत काय? आहेत. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला, त्यातून अपघातात मदत आणि मुलांना शिष्यवृत्ती द्यावयाची ठरले. अट एवढीच, की मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे दाखवून नोंदणी करावी. तो कायदा आता नव्या संहितेत गेला, अट मात्र तशीच राहिली. आज ह्या ठेकेदाराकडे आणि परवा त्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याने हे ९० दिवस दाखवावयाचे कसे?

दोन पावसाळ्यांपूर्वी एक गवंडी दाखल्यासाठी ठेकेदाराकडे तीनदा गेला. 'हजेरीत तुझे नाव नाही,' हे उत्तर. मग तो आमच्याकडे आला, आणि सांगावयास लाज वाटते, सभेच्या गडबडीत आम्ही त्याला 'सोमवारी ये' म्हटले. शनिवारी तो परांचीवरून पडला. नोंदणी नव्हती, म्हणून मदत नाही. त्याच्या बायकोने आम्हांस दोष दिला नाही. तिने एवढेच विचारले, "भाऊ, त्याच दिवशी अर्ज लिहिला असता तर झालं असतं का?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

ह्याहून बरी वाट ह्याच महाराष्ट्रात निघालेली आहे. साताऱ्याकडून मुंबईच्या बाजारांत आलेल्या हमालांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. तेथे मालकाची नोंद मंडळात आणि हमालाचीही मंडळात. मजुरी आणि लेव्ही मालक मंडळात भरतो, मंडळ ती हमालाला देते. मालक बदलला म्हणून नाव पुसले जात नाही. त्या नावावर खंडणी मागणारेही पुढे निघाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण चोर शिरला म्हणून कोणी घर पाडीत नाही.

२०१९ पासून गावचे रेशनकार्ड परगावी चालू लागले, हेही चांगले झाले. फक्त सिमेंटने झिजलेला अंगठा यंत्राला पुष्कळदा ओळखू येत नाही!

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक अड्ड्यावर पालिकेने एक शेड, एक नळ, आणि सकाळी ७ ते १० हजेरी लिहिणारा एक कारकून द्यावा. कोण कोणाकडे कामास गेला, एवढेच त्याने रोज टिपावे. त्या गवंड्यानंतर तशी वही आम्हीच ठेवतो, पण सरकारदरबारी तिला मान नाही. अर्जावर मजुरांच्या सह्या झाल्या आहेत. आता नागरिकांच्या हव्यात. अर्ज बाहेर दाराशी, टेबलावर ठेवला आहे.