फिलिस डिलरचं कपाट

आज बोलायचंय एका कपाटाविषयी. पण आधी कपडे बघू, कारण संग्रहालयात गेल्यावर आपण सगळे आधी कपडेच बघतो.

फिलिस डिलर ही अमेरिकेतली विनोदी कलाकार. 2012 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी ती गेली. स्टेजवर एकटीनं उभं राहून लोकांना हसवायचं हे काम तेव्हा पुरुषांचं मानलं जायचं. ही बाई त्यात उतरली 7 मार्च 1955 ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’ नावाच्या क्लबात. वय 37, घरात पाच मुलं. करार दोन आठवड्यांचा होता, ती तिथं 89 आठवडे टिकली.

तिचा अवतार ठरलेला. वीज पडल्यासारखे उभे केस, पोत्यासारखा पण झगमगीत झगा, आखूड बूट, हातमोजे, आणि हातात लांब सिगारेट होल्डर. यातलं बरंचसं खोटं. ती सिगारेट ओढतच नव्हती. होल्डरमधली सिगारेट लाकडीच. झगा ढगळ का? तर अंगाचा बांधा चांगला होता म्हणून! आपण किती कुरूप, किती किडकिडीत, यावर विनोद करायचे, तर तो बांधा लोकांना दिसून कसं चालेल? ‘फँग’ नावाचा आळशी नवरा, ज्याच्यावर ती आयुष्यभर बोलली, तोसुद्धा कल्पनेतलाच.

मला स्वतःला नटांच्या कपड्यांचं प्रदर्शन जरा उदासच वाटतं. पुतळ्याला घातलेला झगा म्हणजे माणूस निघून गेल्याची पावती. त्यातून विनोदी माणसाचा असला की आणखीनच. तो हलला, अडखळला, तरच हसू येणार ना!

पण डिलरबाईंनी मे 2002 मध्ये स्टेज सोडल्यावर, पुढच्या वर्षी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाला पोशाखांबरोबर आणखी एक वस्तू दिली. पोलादी कपाट. त्याला 48 खण, ते पुरेनात म्हणून जोडलेले वर तीन. आणि आत तीन बाय पाच इंचांची 52 हजारांहून जास्त कार्डं. एका कार्डावर एक विनोद, टाइप केलेला, विषयवार लावलेला. सासू, स्वयंपाक, इस्त्री, म्हातारपण, मोटार चालवणं. ग्रंथालयात पूर्वी असायची ना कार्डांची यादी, अगदी तशी.

इतके विनोद लागतात कशाला? हिशेब करा. ती मिनिटाला बारा हशे घ्यायची असं सांगतात. म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमाला सातशेच्या वर. कुठला हशा येतो, कुठला पडतो, कुठला शब्द काढला की वाक्य धारदार होतं, हे बघत बघत ती तासत राहायची. आपल्याला वाटतं, बाई आली आणि सुचेल ते बोलली. ते सुचेल ते नव्हतं.

आणि सगळं तिचंही नव्हतं. ती इतरांकडून विनोद विकत घ्यायची. कार्डावर तारीख असते, देणाऱ्याचं नाव असतं. यातली एक मोठी पुरवठादार विस्कॉन्सिनमधली गृहिणी, तीही पाच मुलांची आई. घरकाम आवरून ती विनोद लिहायची, टपालानं पाठवायची, आणि हजारो मैलांवर कुठल्या तरी सभागृहात लोक पोट धरून हसायचे. टाळ्या अर्थातच डिलरला. यात अन्याय आहे का? पैसे मिळत होते, धंद्याची रीतच तशी होती. तरी मला वाटतं, ते नाव कार्डावर टाइप करून जपलं, हे डिलरबाईंचं मोठेपण. कपाट नसतं, तर या बाईचा पत्ताच आपल्याला लागला नसता.

हे कपाट 2011 मध्ये संग्रहालयात प्रदर्शनात मांडलं, तेव्हा ती हयात होती. ती गेल्यानंतर, 2017 मध्ये, संग्रहालयानं कार्डांची छायाचित्रं इंटरनेटवर टाकली आणि लोकांना आवाहन केलं, वाचा आणि उतरवून द्या. स्वयंसेवकांनी घरी बसून ती उतरवली. त्यामुळे आता इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठूनही तुम्ही त्या खणांत डोकावू शकता.

काही विनोद आज वाचवत नाहीत, हेही सांगतो. सुनेनं सासूला टोचणं, जाडेपणावर हसणं, हे आता जुनं झालंय. पण इस्त्रीचा खण वाचून बघा. कपड्यांचा ढीग, कधीच न संपणारा, आणि त्याच्यासमोर उभी असलेली कंटाळलेली बाई. साठ सालची अमेरिका आणि आपल्या घरची रविवार दुपार, यात मला फारसा फरक सापडला नाही. माझी बायको शेजारी बसून वाचत होती. चार कार्डांवर हसली. पाचव्यावर तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.