प्रश्न विचारणारी बाई : प्रिया तेंडुलकर

(घनसावंगी, जि. जालना येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून आपण रेशन, पाणी, दारूचे गुत्ते यावर बोलतो आहोत. त्यात मी एका टीव्हीवरच्या बाईविषयी बोलायला उभी राहिले, तर तुमच्यातल्या काहींना वाटेल, हे मध्येच काय! नटीचं आणि आपलं काय नातं? नातं आहे. ही बाई प्रश्न विचारायची. चारचौघांत, माईक हातात धरून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायची. आपल्या कामातलं निम्मं काम प्रश्न विचारण्याचंच तर आहे.

तिचं नाव प्रिया तेंडुलकर. चाळिशीच्या पुढच्या बायांना 'रजनी' म्हटलं की लगेच आठवेल. पोरींना कदाचित नावही माहीत नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्रियाचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. नाटककार विजय तेंडुलकरांची ही मुलगी. मोठ्या बापाची लेक म्हणून आयतं ताट वाढून आलं असेल असं आपल्याला वाटतं. तिनं मात्र बरीच कामं केली. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, हवाई सुंदरी झाली, जाहिरातीत दिसली, बातम्या वाचल्या. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर' या १९७४ च्या चित्रपटात जमीनदाराच्या बायकोचं काम केलं. पुढे 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ' असे मराठी चित्रपट केले. कथा लिहिल्या, पुस्तकं लिहिली. हे मुद्दाम सांगते. बाईनं दोन-तीन नोकऱ्या बदलल्या की लोक म्हणतात, हिचं चित्त थाऱ्यावर नाही. पुरुषानं बदलल्या की म्हणतात, अनुभवी माणूस आहे! प्रियाला पुढे जे प्रश्न सुचले, ते या अनुभवातूनच आले असणार. काउंटरच्या आत उभ्या असलेल्या बाईला माणसं फार लवकर कळतात.

१९८५ साली दूरदर्शनवर 'रजनी' ही मालिका आली. दिग्दर्शक बासू चॅटर्जी. रजनी ही साधी मध्यमवर्गीय गृहिणी. गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही, टॅक्सीवाला येत नाही म्हणतो, कचेरीतला बाबू उद्या या म्हणतो. रजनी गप्प बसत नाही. ती विचारते, का? कुठल्या नियमानं? नाव सांगा तुमचं! त्या वेळी देशभर एकच वाहिनी होती. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर सगळी गल्ली. त्यामुळे रजनीचा प्रश्न एकाच वेळी लाखो घरांत गेला. मालिकेवर टॅक्सीचालकांनी निषेध केला, गॅस वितरकही चिडले. मालिकेतल्या खोट्या बाईच्या प्रश्नानं खरी माणसं अस्वस्थ झाली. भांडखोर बाईला लोक 'आली मोठी रजनी' म्हणू लागले. म्हणणाऱ्याला टोमणा मारायचा असे, पण ऐकणारीला कुठेतरी बरंही वाटे.

१९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. एका मालिकेमुळे कायदा होत नसतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करत होती. पण वारा त्या दिशेनं वाहत होता, आणि त्या वाऱ्याला रजनीनं चेहरा दिला, एवढं म्हणता येईल.

आता रजनीची दुसरी बाजूही बघू. रजनी एकटी लढते. अर्ध्या तासात प्रश्न सुटतो, बाबू ओशाळतो, मालिका संपते. आपल्यापैकी कुणाचा प्रश्न अर्ध्या तासात सुटला आहे? एकटी बाई तहसीलमध्ये जाऊन मोठ्यानं बोलली तर आधी तिच्या नवऱ्याला निरोप जातो. मग गावात तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. मूळ अर्ज राहतो बाजूला. रजनीच्या तेरा वर्षं आधी, १९७२ च्या दुष्काळाच्या साली, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणत. त्या बायका एकट्यादुकट्या नव्हत्या, म्हणून सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली. टीव्हीनं त्या गर्दीतली एकच बाई उचलली, तिला छान साडी नेसवली आणि बाकीच्या हजार जणी पडद्याबाहेर ठेवल्या. पडद्यावरची नायिका आणि रस्त्यावरची संघटना यांत हा फरक आहे.

नव्वदच्या दशकात चित्र बदललं. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि खासगी वाहिन्यांचं युग आलं. त्याच दशकात प्रिया स्वतःच्या नावाचा कार्यक्रम घेऊन आली, 'द प्रिया तेंडुलकर शो'. पुढे 'जिम्मेदार कौन'. अशा कार्यक्रमाला टॉक शो म्हणतात. म्हणजे काय, तर एक विषय घ्यायचा, त्यातली जाणकार माणसं बोलवायची, समोर साधी माणसं बसवायची, आणि सगळ्यांना बोलतं करायचं. आपल्या भाषेत चावडीच म्हणा ना! फरक एवढाच की या चावडीवर मधोमध बाई उभी, आणि कुणी कधी बोलायचं ते ती ठरवणार. आपल्या गावच्या चावडीवर बाई चप्पल हातात घेऊन, पदर सावरून, खाली मान घालून जाते, हे आठवा म्हणजे यातलं मोल कळेल.

रजनी दुसऱ्यानं लिहून दिलेलं बोलायची. या कार्यक्रमात समोरचा काय उत्तर देईल ते लिहिलेलं नव्हतं. तिथं ऐकावं लागतं. ऐकलं तरच पुढचा प्रश्न सुचतो. १९८८ साली तिचं लग्न झालं होतं, १९९५ मध्ये ती दोघं वेगळी झाली. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई आपल्याकडे हळदीकुंकवालाही मागे बसते. ही बाई त्याच काळात कॅमेऱ्यासमोर उभी राहून देशाला प्रश्न विचारत होती.

त्याच दशकातली आणखी एक गंमत. १९९५ मध्ये 'हम पाँच' ही विनोदी मालिका आली. अशोक सराफ बाप, घरात पाच मुली. त्यात प्रिया होती बापाची वारलेली पहिली बायको. भिंतीवर तिचा फोटो, आणि तो फोटो नवऱ्याशी बोलतो, त्याला शहाणपण सांगतो. आपण पोट धरून हसलो. पण विचार करा, गळ्यात हार पडल्यावर बाईचं म्हणणं ऐकलं जातं, हे आपल्या घरांतलं सत्यच नव्हे का?

प्रश्न विचारणं चांगलं, पण कसा आणि कशासाठी विचारायचा? याचं उत्तर तिच्या वडिलांच्याच दोन नाटकांत आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये बेणारे नावाच्या शिक्षिकेवर खेळ म्हणून खटला चालतो, आणि बघता बघता खेळातले प्रश्न तिला फाडून खातात. 'कमला' मध्ये एक पत्रकार बाजारातून विकत घेतलेली आदिवासी बाई पत्रकार परिषदेत उभी करतो. सगळे तिला प्रश्न विचारतात, पण बातमीसाठी आणि गंमतीसाठी. मग रात्री घरात ती कमला पत्रकाराच्या बायकोला एक साधा प्रश्न विचारते, तुला केवढ्याला विकत घेतलं? त्या एका प्रश्नानं शिकलेल्या, बंगल्यातल्या बाईचं आयुष्य मुळापासून हलतं. का हलतं? कारण कमलाला त्यात बातमी नको होती. आपण दोघी सारख्याच आहोत असं धरून तिनं तो विचारला होता.

मैत्रिणींनो, मराठवाड्यात हे आपण रोज बघतो. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की कॅमेरा दारात येतो आणि त्याच्या बायकोला विचारतो, तुम्हाला आता कसं वाटतंय? हा बेणारेला विचारलेला प्रश्न झाला. सातबारा कुणाच्या नावावर आहे, वारसाची नोंद झाली का, सासर घरात राहू देतं का, हे विचारणं म्हणजे कमलाचा प्रश्न. आपण सर्वेक्षणाला जातो तेव्हा आपल्या हातातल्या कागदावर कुठले प्रश्न आहेत, तेही एकदा तपासू या.

घनसावंगी तालुक्यातून, शेजारच्या बीडमधून दर दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि बाईचं नाव कुठेच नाही. ती पहाटे स्वयंपाक करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आणि कागदावर ती अर्धा कोयता! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ही दुखणी त्या वर्षी सुरू झाली नव्हती. त्या वर्षी पहिल्यांदा इतक्या जणींना विचारलं गेलं. प्रश्नाची ताकद याहून वेगळी काय सांगू?

१९९३ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा दिल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आहेत. तरी कितीतरी गावांत सरपंच बाई खुर्चीवर आणि बोलतो तिचा नवरा. खुर्ची मिळाली, माईक मिळायचा आहे. त्यासाठी आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती सभा घ्यायला लावा आणि प्रश्न तिथं पक्का करा. दुसरं, प्रश्न तोंडी ठेवू नका, अर्ज लिहा, पोच घ्या. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. रजनीच्या हातात तो नव्हता, तुमच्या आहे. तिसरं, एकटीनं विचारू नका. एक विचारेल, दुसरी लिहून घेईल, बाकीच्या मागे उभ्या राहतील. एकटीला गप्प बसवता येतं, दहा जणींना गप्प बसवायला त्रास पडतो.

प्रिया तेंडुलकर १९ सप्टेंबर २००२ ला गेली. स्तनांच्या कर्करोगाशी ती झुंजत होती, शेवटी हृदयविकाराचा झटका आला. वय अवघं ४७. यातूनही एक काम आपल्यासाठी उरतं. छातीत गाठ लागली तर लाजेनं लपवू नका. सासूला, नवऱ्याला सांगायची चोरी वाटत असेल तर आधी मैत्रिणीला सांगा, पण दवाखान्यात जा. आणि डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली तर विचारा, का? दुसरा उपाय नाही का? दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवा. हा प्रश्न स्वतःच्या शरीराविषयी आहे, तो विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

टीव्हीवरची बाई आपल्यासाठी भांडली म्हणून आपलं भांडण संपत नाही. तिनं दाखवलं की बाईचा आवाज चारचौघांत शोभतो. पुढचं काम आपलं. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावातून निदान एक प्रश्न गेला पाहिजे. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्याची योजना आहे. तुमच्या गावात किती बायांना तिच्या स्वतःच्या नावानं ते मिळालं, इथपासून सुरुवात करा. उत्तर काय मिळालं ते लिहून ठेवा, पुढच्या बैठकीत आपण ते मोठ्यानं वाचणार आहोत.