राजदूताची नोकरी आणि आपला पासपोर्ट

आज आम्ही एका राजदूताविषयी बोलणार आहोत. “आपल्या बचत गटाला राजदूताचं काय?” असं आमच्याच बैठकीत एकीने विचारलं. पण इथे नवी मुंबईत किती घरांतली मुलं बोटीवर, दुबईला, मस्कतला आहेत! परक्या मुलखात अडचण आली तर दार ठोठवायचं ते आपल्या वकिलातीचंच.

ज्ञानेश्वर मुळे हे शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाट गावचे. १९८३ साली ते परराष्ट्र सेवेत गेले. जपान, रशिया, मॉरिशस, सीरिया असं बिऱ्हाड फिरत राहिलं. पुढे ते मालदीवला उच्चायुक्त झाले. उच्चायुक्त म्हणजे राजदूतच.

फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथले माजी अध्यक्ष नाशीद अटक टाळायला आपल्या कचेरीत आले आणि दहा दिवस राहिले. परवानगीशिवाय तिथल्या पोलिसांना आत पाऊल टाकता येत नाही, असा १९६१ च्या व्हिएन्ना कराराचा नियम आहे. आत पाहुणा, बाहेर यजमान सरकार, आणि संबंध दोघांशीही राखायचे! भांडणाऱ्या जावांच्या मध्ये उभी राहिलेली बाई ही कसरत ओळखेल.

न्यूयॉर्कहून परतल्यावर ते दिल्लीत पासपोर्टचं काम पाहणारे सचिव झाले. आम्हाला त्यांच्या नोकरीतला हाच भाग मोठा वाटतो. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलले. अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव पुरेल. घटस्फोटित किंवा विभक्त बाईने नवऱ्याचं नाव द्यायची गरज नाही. २०१७ पासून टपाल कचेऱ्यांतही पासपोर्ट केंद्रं उघडू लागली.

आमच्या गटातल्या एका ताईला नवऱ्याने टाकून बारा वर्षं झाली. लेकीच्या बाळंतपणाला तिला मस्कतला जायचं होतं. एजंट म्हणाला, “नवऱ्याचं नाव लागेल, नाहीतर वरचे पाच हजार.” आम्ही मोबाइलवर सरकारी संकेतस्थळ उघडलं, तिच्या शेजारी बसून अर्ज भरला, फी १५०० रुपये भरली आणि भेटीची तारीख घेतली. मूळ कागदपत्रं घेऊन ती एकटीच गेली. नंतर पोलीस चौकशीला आले, तेव्हा शेजारणी साक्षीला उभ्या राहिल्या.

पासपोर्ट टपालाने घरी आला. नवऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे. ताईने ते पान आम्हा सगळ्यांना दाखवलं, आणि मग विचारलं, “मस्कतला थंडी असते का गं?”