बिनतारी साक्षीदारांना प्रश्न कसा विचारावा?



सोलापूरच्या शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब कोणी शिकवावयास नको. कोरडवाहू शेतीचें संशोधन येथें १९३३ सालापासून चालत आलें आहे, आणि डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ सालीं येथेंच स्थापन झालें. अशा मुलखांतील एखाद्या डाळिंबाच्या बागेंत मातीची ओल मोजून ती बिनतारी कळविणारे संवेदक, म्हणजे सेन्सर, पुरले, तर त्यांची व्यवस्था कशी लावावी, याचा आज आपण विचार करूं. ही केवळ कल्पना नव्हे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनें नाशिकच्या द्राक्षमळ्यांत असें जाळें पूर्वींच उभारून पाहिलें आहे.

संवेदकाची खरी अडचण मोजण्यांत नाहीं, बोलण्यांत आहे. त्याची सारी शिदोरी म्हणजे एक लहानशी बॅटरी. एक अक्षर बिनतारी धाडावयास जी शक्ति खर्च होते, तींत शेंकडों आंकडेमोडी उरकतात. शिवाय त्याचा आवाज दूरवर पोंचत नाहीं. तो शेजाऱ्यास सांगतो, शेजारी पुढच्यास.

समजा, दहा संवेदक एका ओळींत आहेत व ओळीच्या टोकाशीं, विहिरीजवळ, मुख्य केंद्र आहे. मालकानें विचारलें, "बागेची सरासरी ओल किती?" प्रत्येकाचा आंकडा जसाच्या तसा पुढें गेला, तर सर्वांत दूरचा निरोप दहा वेळां धाडावा लागतो, त्याच्या अलीकडचा नऊ वेळां, एकूण ५५ वेळां. त्यांतले दहा निरोप एकट्या केंद्रालगतच्या संवेदकाच्या माथीं येतात. तो आधीं निकामी होतो, आणि मागचे नऊ जिवंत असूनहि मुके होतात.

याचा उपाय आपल्या महसुली व्यवहारांत जुनाच आहे. पैसेवारी ठरवितांना प्रत्येक शेताचें टिपण जिल्हाधिकाऱ्यांपुढें जात नाहीं. गांवचा आंकडा गांवांतच तयार होतो. २००२ सालीं सॅम्युएल मॅडन व त्यांचे सहकारी यांनीं 'टॅग' या नांवानें मांडलेली पद्धत अशीच आहे. प्रश्न केंद्रापासून शाखाशाखांनीं पसरतो. उत्तर परततांना प्रत्येक संवेदक आपल्या मागच्यांचें ऐकून घेतो, त्यांत आपला आंकडा मिळवितो आणि एकच निरोप पुढें देतो. आपली पाळी नसतां तो झोंपून राहतो. ५५ निरोपांच्या जागीं दहा पुरतात.

मात्र पुढें काय द्यावें, याचा विवेक हवा. एका संवेदकाची ओल ४० आणि उरलेल्या नवांची सरासरी २० असेल, तर सरासऱ्यांची सरासरी ३० येते. खरी २२ आहे. म्हणून सरासरी न धाडतां बेरीज व संख्या अशा दोन गोष्टी धाडाव्या लागतात. मधला आंकडा विचारल्यास तर एवढ्यानेंहि भागत नाहीं.

आणि २२ हें उत्तर बरोबर असूनहि बागेचा एक कोपरा वाळत असूं शकेल. त्या कोपऱ्यांतील झाडांना सरासरीचा काय उपयोग? तेव्हां "सर्वांत कमी ओल किती, आणि कोठें?" हेंहि विचारावें, त्यालाहि दहाच निरोप लागतात. बेरजेसोबत आलेली संख्या मात्र दृष्टीआड करूं नये. ती दहाऐवजीं सात आली, तर तीन साक्षीदार गप्प आहेत आणि हातीं आलेलें उत्तर साऱ्या बागेचें नाहीं, हें ओळखावें. पाणी सोडण्यापूर्वीं त्या तीन जागीं स्वतः जाऊन माती हातांत घेऊन पाहणें, हेंच शहाणपणाचें.